ठिपक्यांचा भाग

सगळं ऑफिस त्यांना पाणबुडे म्हणायचं, आणि गंमत म्हणजे ह्या गृहस्थांना पोहता येत नव्हतं. पोहणं राहिलं बाजूला, नदीपलीकडे नेणाऱ्या बोटीतसुद्धा त्यांना गरगरायचं. एकदा तर बोट अजून धक्क्याला बांधलेलीच होती आणि हे आधीच कठडा धरून पांढरेफटक पडले होते. जहाजावर त्यांनी जन्मात पाऊल ठेवलं नाही. पण समुद्राच्या तळाचा नकाशा काढावा तर तो पाणबुड्यांनीच, हे त्यांचा हेवा करणारेही मान्य करायचे.

ऑफिस तिसऱ्या मजल्यावर. खिडकीतून बसडेपोचं पत्र्याचं छप्पर दिसायचं, त्यावर वाळत टाकलेले कंडक्टरांचे रुमाल दिसायचे, आणि समुद्र मात्र कुठल्याच बाजूला दिसायचा नाही. जहाजं बाहेर असायची, महिनोन्‌महिने. त्यांनी आवाज पाण्यात सोडून, परत आलेला पकडून तळाची खोली मोजायची आणि आकडे इकडे धाडायचे. आता नकाशे कॉम्प्युटर काढतो, ते खरंच. तरी शेवटची मोठी कागदी प्रत हाताने व्हायची, कारण वरच्या साहेबांचा पडद्यापेक्षा कागदावर विश्वास. त्या प्रतीसाठी पाणबुड्यांचं तिरपं टेबल, वाकड्या मानेचा दिवा आणि शाईच्या सात बाटल्या एकोणतीस वर्षं त्याच कोपऱ्यात होत्या. कागद उडू नये म्हणून वर एक काळा गोळा ठेवलेला असायचा. बटाट्याएवढा, खरखरीत, एका बाजूने फुटलेला. नमुन्यांच्या खोलीने रीतसर टाकाऊ ठरवून त्यांना दिलेला.

दुपारी तीनच्या सुमाराला ऑफिस पेंगायला लागलं की पाणबुडे खाली उतरायचे. म्हणजे बसायचे खुर्चीतच, हातात लेखणीही असायची, पण उतरायचे. आधी निळं, मग गडद निळं, मग काहीच नाही. पाच हजार मीटर काहीच नाही. आणि मग पायाखाली मऊ चिखलाचं मैदान लागायचं. वरून अखंड काहीतरी भुरभुरत असायचं, वर जगून मेलेल्या बारीक जिवांचा चुरा. एकेका कणाला खाली पोचायला आठवडे लागतात म्हणे. आवाज नाही, घाई नाही. जिकडेतिकडे काळे गोळे पसरलेले. एखाद्या माशाचा दात चिखलात पडतो, त्याच्याभोवती पाण्यातलं लोखंड, निकेल, तांबं, कोबाल्ट असं काय काय साचत जातं, आणि दहा लाख वर्षांत गोळा काडीच्या जाडीएवढा फुगतो. पाणबुड्यांना ह्या गतीचं फार अप्रूप होतं. त्यांना स्वतःला बढतीच इतक्या हळू मिळाली होती की ही गती त्यांना घरची वाटायची.

तिथल्या टेकड्यांना नकाशात नुसते क्रमांक होते, पण पाणबुड्यांनी आपली नावं ठेवली होती. एक होती उशी. एक होतं आत्याचं नाक. एका लांबलचक घळीला ते 'जिना' म्हणायचे. ही नावं त्यांनी कोणाला सांगितली नव्हती, फक्त आईला.

कायद्याची त्यांची ओळख करून दिली ती कायदेबाईंनी. ह्या बाई दहा-अकरा वर्षांपूर्वी ऑफिसात सल्लागार म्हणून आल्या. बाई उंच, आवाज त्याहून उंच, आणि समोरच्याला परीक्षेला बसवायची त्यांना खोड. पहिल्याच दिवशी टेबलापाशी येऊन म्हणाल्या, "पाणबुडे, सांगा बघू, हा तळ कोणाचा?"

"जो आधी पोचेल त्याचा असेल, मॅडम."

"चूक! किनाऱ्याजवळचा ज्या त्या देशाचा. पण त्या पलीकडचा, हा तुमच्या लेखणीखालचा, एकट्या कोणाचाच नाही. तिथे झेंडा लावता येत नाही, कुंपण घालता येत नाही. तो सगळ्या मानवजातीचा सामाईक वारसा. काढायचं असेल काही तिथून, तर सगळ्या देशांनी मिळून बसवलेल्या संस्थेकडे अर्ज करायचा. नुसतं बळ आहे म्हणून उचललं, असं चालत नाही."

"म्हणजे माझाही आहे?"

"तुमचाही, माझाही. जे अजून जन्माला यायचेत त्यांचाही."

त्या संध्याकाळी पाणबुडे बसमध्ये दांडीला लोंबकळत घरी गेले, पायावर कोणीतरी पिशवी ठेवली होती, तरी त्यांचा चेहरा जमीनदारासारखा होता.

पुढे बाईंनी त्यांना वाटणीची रीत सांगितली, आणि ती ऐकून पाणबुडे खो खो हसले. अर्ज करणाऱ्याने आपल्याला हवा तेवढाच तुकडा मागायचा नाही. दोघांना पुरेल एवढा दाखवायचा आणि त्याचे सारख्या मोलाचे दोन भाग करून द्यायचे. त्यातला कुठला आपल्याला मिळणार हे त्याला ठाऊक नसतं. संस्था एक निवडते आणि राखून ठेवते, ज्या देशांकडे आज ना जहाज आहे ना यंत्रं, त्यांच्यासाठी. उरेल तो अर्जदाराचा.

"हसायला काय झालं?" बाईंनी विचारलं.

"मॅडम, हा आमच्या आईचा कायदा आहे!"

वडील लवकर गेले. घरात दोन मुलं, ताई आणि हे, आणि आठवड्याला एक सफरचंद. आई शिलाईकाम करायची, भांडणं सोडवायला तिला फुरसत नसायची. तिने एकदाच सांगून ठेवलं होतं: एकाने कापायचं, दुसऱ्याने आधी उचलायचं. ताईची कापायची पाळी आली की ती आईची पट्टी घेऊन बसायची, आणि हे समोर जीव मुठीत धरून. इतकी बरोबर वाटणी त्या गल्लीत कुठल्या घरात होत नसेल.

"तुमच्या आईंना हा कायदा ठरवणाऱ्या परिषदेला पाठवायला हवं होतं," कायदेबाई म्हणाल्या. "देशोदेशीच्या लोकांची कित्येक वर्षं वाचली असती."

नकाशावर ह्या सगळ्याच्या खुणा ठरलेल्या होत्या. अर्जदाराच्या भागात तिरक्या रेघा. राखीव भागात जाळी. आणि तिसरा एक तुकडा असायचा, त्यात नुसते ठिपके. ठिपक्यांच्या भागात कोणी उतरायचंच नाही. पाणबुडे हे ठिपके एकेक करून स्वतःच्या हाताने द्यायचे, श्वास रोखून.

रविवारी ते आईकडे जायचे तेव्हा कधीमधी जुन्या प्रतीची गुंडाळी बगलेत असायची. आईची खोली एका किल्ल्या बनवणाऱ्याच्या दुकानावर होती, अठरा पायऱ्या चढून. एकच खोली, पण दोन खिडक्या, आणि दोन्हींच्या मधोमध कापड बेतायचं मोठं टेबल, ज्यावर पाणबुड्यांनी आयुष्यातली पहिली रेघ खडूने ओढली होती आणि मार खाल्ला होता. खालून दिवसभर कानशीचा बारीक आवाज यायचा. नकाशा पसरला की आई चष्मा लावून वाकायची. कापडावर वाकायची तशीच.

"हे ठिपके कशाचे?" तिने एकदा विचारलं होतं.

"तिथे हात लावायचा नाही, आई. बाकीच्या तळावर यंत्रं फिरल्यावर काय झालं ते ताडून बघायला एक तुकडा होता तसा राहायला हवा ना. तिथे एकदा यंत्र फिरलं की त्याची चाकोरी पन्नास पन्नास वर्षं बुजत नाही. आणि जीव राहतात तिथे, पांढरे, बिनडोळ्यांचे. त्यांना कोण विचारणार?"

आईने ठिपक्यांवरून बोट फिरवलं. "शहाणी आहेत हो तुमची माणसं," ती म्हणाली, आणि पुढच्या शर्टाची कॉलर उसवायला बसली.

ही झाली जुनी गोष्ट. घोडं अडलं ते परवाच्या थंडीत. अठ्ठ्याहत्तर वर्षांची आई बाराव्या पायरीवरून घसरली आणि मनगट मोडून बसली. प्लास्टर निघालं, हात बरा झाला, सुई धरता यायला लागली, पण ताईचा धीर सुटला तो सुटलाच. ताई औषधांच्या दुकानात काउंटरवर असायची. दिवसभर लोकांची दुखणी ऐकून तिला सगळीकडे दुखणीच दिसायची. तिने फतवा काढला. आईने आता एकटीने राहायचं नाही. खोली सोडायची. किल्लीवाल्याला तशीही ती खोली माल ठेवायला हवी होती. महिनाअखेरपर्यंत काय ते सांगा, असं तो फार अदबीने म्हणाला होता. एकदा सोडली की परत मिळणार नव्हती, हे तिघांनाही कळत होतं.

मग कोणाकडे राहायचं ह्यावरून जुंपली. आणि भांडणही कसलं, तर दोघांनाही आई हवी होती! नको म्हणून भांडणारे पुष्कळ असतात, पण ह्या दोघांचं उलटंच.

"माझ्याकडे लिफ्ट आहे," ताई म्हणाली.

"माझ्याकडे खिडकीत ऊन येतं. आणि ही घरीच असते दिवसभर."

"तुझ्या बायकोचा गुडघा दुखतो. ती स्वतःला सांभाळेल की आईला?"

"आणि तू बारा तास दुकानात! आई काय लिफ्टशी बोलणार?"

आई तेव्हा तिथेच होती. तिने दोघांपुढे चहाचे कप ठेवले, बशीत बिस्किटं ठेवली, आणि खिडकीपाशी जाऊन मशीनला तेल घालत बसली.

शेवटी पाणबुडे म्हणाले, "ताई, सफरचंदासारखं करू. वर्षाचे दोन भाग मी करतो. कुठला हवा तो तू आधी घे."

ताईचा चेहरा एकदम निवळला. "हे बरं सुचलं तुला," ती म्हणाली. "पण डोळ्यांत तेल घालून कर हं."

तेल घालायला सांगायची गरज नव्हती. पाणबुड्यांनी ते काम समुद्राच्या अर्जासारखंच अंगावर घेतलं. योगायोग असा की त्याच पंधरवड्यात ऑफिसातही एक मोठा अर्ज निघायचा होता. डाव्या हाताला समुद्र, उजव्या हाताला आईचं वर्ष, असं त्यांच्या टेबलावर चालू झालं. सरळ सहा-सहा महिने करणं सोपं होतं, पण मोलाने सारखे होणार नव्हते. थंडीत आईचं मनगट ठणकायचं, तेव्हा लिफ्ट बरी. ताईच्या दुकानात वर्षाकाठी मोजदादीचे तीन आठवडे ती घरी नसल्यातच जमा, ते आठवडे इकडे हवेत. डोळ्यांच्या डॉक्टरची तारीख, बायकोच्या गुडघ्याचा वाईट काळ, दोन्ही घरच्या खिडक्यांतलं ऊन, सगळं त्यांनी मांडलं. तुकडे पाडले, जोडले, परत पाडले. शेवटी दोन भाग असे उतरले की कुठलाही आपल्याला आला तरी वाईट वाटणार नाही. पाणबुड्यांना स्वतःचं फार कौतुक वाटलं.

त्याच आठवड्यात एका दुपारी ठिपके देता देता ते खाली उतरले. उशी ओलांडली, आत्याच्या नाकाला वळसा घातला. भुरभुर चालूच होती. जिन्याच्या तळाशी पोचले तर तिथे, चिखलाच्या सपाट मैदानात, आईचं शिलाई मशीन मांडलेलं. आई बसलेली, पाठमोरी, पायाने मशीन चालवतेय, आणि आवाज मुळीच नाही. केसांवर पांढरा चुरा साचत होता आणि तो तिने झटकला नव्हता. कापड मांडीवरून चिखलात उतरून दूर अंधारात गेलं होतं. पाणबुड्यांना इतकं बरं वाटलं तिला बघून की ते पुढे झाले. तेवढ्यात तिने मान न वळवता हात वर केला. टेबलाजवळ मूल आलं आणि तिच्या हातात कात्री असली की ती करायची तसा. थांब तिथेच. पाणबुड्यांनी खाली बघितलं तर त्यांच्या बुटांचे ठसे मागे लांबवर उमटलेले होते, आणि ते बुजत नव्हते.

"पाणबुडे, शाई!" कायदेबाई ओरडल्या. एका ठिपक्याचा चांगला वाटाणा झाला होता. पाणबुड्यांनी तो खरवडला, वर नवा ठिपका दिला, आणि स्वप्नाचं काय ते मनावर घेतलं नाही.

रविवारी दुपारी तिघं आईच्या टेबलाशी बसली. पाणबुड्यांनी गुंडाळी उलगडली आणि चारी कोपऱ्यांवर आईची कात्री, पट्टी, टाचण्यांची डबी आणि काळा गोळा ठेवला. कागद देखणा झाला होता. बारा महिन्यांचे बारा चौकोन, प्रत्येकात आठवडे आखलेले. एका भागात तिरक्या रेघा, दुसऱ्यात जाळी. ताईने पर्समधून चष्मा काढला. तिने दहा मिनिटं घेतली, कुठे काही लबाडी सापडते का बघितलं, आणि सापडली नाही म्हणून डोळे पुसले.

"जाळीचा भाग माझा," ती म्हणाली.

"घे. मला तिरक्या रेघा चालतील."

"बाबा असते तर खूश झाले असते."

"मी उद्या किल्लीवाल्याला सांगून टाकतो खोलीचं."

दोघांना हायसं वाटलं. इतके दिवसांचा ताण उतरला, आणि लहानपणी अर्धं सफरचंद हातात आल्यावर हसायची तशी दोघं एकमेकांकडे बघून हसली. आई मशीनवरून उठून आली. तिने चष्मा पुसला, लावला, आणि कागदावर वाकली.

"ह्या तिरक्या रेघा म्हणजे तुझ्याकडे."

"हो आई."

"जाळी म्हणजे हिच्याकडे."

"हो."

आईने पहिल्या चौकोनापासून शेवटच्यापर्यंत बोट फिरवत नेलं. मग परत मागे आणलं. "आणि ठिपके?"

पाणबुड्यांनी कोपऱ्यावरचा काळा गोळा उगाच सरळ करून ठेवला.

"कुठले ठिपके?" ताईने विचारलं. तिला नकाशातलं काही ठाऊक नव्हतं.

"ह्याला ठाऊक आहे," आई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "अरे, समुद्राखालच्या चिखलाला सुद्धा ठेवता ना तुम्ही ठिपके? तिथल्या त्या आंधळ्या किड्यांना विचारता येत नाही म्हणून ठेवता. मला विचारता येत होतं, रे. मी इथेच होते. चहा देत होते."

खाली कानस थांबली, पुन्हा सुरू झाली. पाणबुड्यांनी कागदभर नजर फिरवली, एकही ठिपका नव्हता. इतकी वर्षं हा माणूस, जे टेबलाशी नाहीत त्यांचा वाटा आखत आला होता. कुठल्या कुठल्या देशांतल्या न बघितलेल्या लोकांसाठी त्याने जाळ्या विणल्या होत्या. आणि आई टेबलाशी होती, टेबल तिचंच होतं, तरी तिची वाटणी करताना तो तिला धरायलाच विसरला. त्यांना लाज वाटली, इतकी की मान वर होईना.

"आई, पण पायऱ्या..." ताईने चष्मा काढून हातात धरला. "परत पडलीस तर? मी तिकडे काउंटरवर उभी असते आणि फोन वाजला की माझं काळीज..."

"कळतंय मला ते." आईने ताईच्या पाठीवरून हात फिरवला. "पडले तर लागेल. पण मला इथून उचलून ठेवायचं की नाही, ते मला विचारायचं."

पाणबुड्यांनी मान वर केली. "मग आता विचारतो. सांग. ठिपके किती महिन्यांना देऊ?"

"तू नको देऊस. मी देते."

आईने खण उघडला आणि दातेरी चाक काढलं. बेतलेल्या कागदावरची रेघ खालच्या कापडावर उतरवायला शिंपी वापरतात ते, लाकडी मुठीचं, गोल, काटेरी. ते तिने पहिल्या महिन्याच्या काठावर टेकवलं आणि फिरवत नेलं. कागदावर बारीक भोकांची ओळ उठत गेली. ताईच्या जाळीतून गेली, पाणबुड्यांच्या तिरक्या रेघांतून गेली. दोन महिने झाले, तीन झाले, सहा झाले. आता थांबेल, असं ताईला वाटलं. चाक थांबलं नाही. मोडून सांधलेल्या मनगटाने, सावकाश, एकही ओळ वाकडी न जाऊ देता आईने ठिपके बाराव्या महिन्याच्या शेवटापर्यंत नेले आणि चाक खाली ठेवलं.

"हे सगळं माझं," ती म्हणाली. "आता तुम्हाला यातलं काय हवं असेल ते मागा. अर्ज करा."

ताईने भावाकडे बघितलं. भावाने ताईकडे. मग ताईच आधी खुर्ची ओढून पुढे सरकली. दुकानात कोणाला तिने इतक्या हळू आवाजात विचारलं नसेल.

"थंडीचे दोन महिने देशील, आई? माझ्याकडे?"

आईने विचार केला. खरोखरच केला, खिडकीबाहेर बघत, ओठ मुडपून. "दीड देईन," ती म्हणाली. "मशीन घेऊन येईन मात्र."

"आण की."

"आणि मला?" पाणबुडे म्हणाले. आयुष्यभर अर्जाचे नकाशे काढले, अर्जदार ते आज पहिल्यांदाच झाले होते. "मोजदादीच्या वेळचे तीन आठवडे? नाहीतर रविवार? जिन्याला कठडा बसवून देतो, किल्लीवाल्याशी मी बोलतो, खोली राहतेय म्हणून सांगतो."

"कठडा बसव. बाकीचं बघते."

"बघते म्हणजे?"

"बघते म्हणजे बघते. अर्ज आलाय ना? मग दम धर."

ताई डोळे पुसता पुसता हसली. आईने फळीवरून सफरचंद उतरवलं, पदराला पुसलं आणि सुरीसकट मुलापुढे ठेवलं. पाणबुड्यांनी सवयीने सुरी बरोबर मधोमध टेकवली. मग थांबले. सुरी उचलून जरा बाजूला नेली आणि तीन भाग केले, जमतील तितके सारखे, पण तीन करायची सवय नव्हती म्हणून एक जरा मोठा झाला.

इतक्या वर्षांत त्या टेबलावर किती सफरचंदं कापली गेली असतील, पण एका सफरचंदाच्या तीन फोडी कधी झाल्या नव्हत्या. ताईने हात पुढे केला नाही. पाणबुड्यांनीही नाही. दोघं आईकडे बघत बसली.

आईने तिन्ही फोडी नीट निरखल्या, घाई न करता, आणि मोठी उचलली.